काळ्या खडकाखाली : किरणोत्सर्गाच्या एका परिचयग्रंथाची प्रस्तावना

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजण्यास काही मिनिटांचा अवकाश असताना, आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन आटोपून गाढ झोपी गेलेल्या किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या खोऱ्यातील कितीतरी गावांवर जो प्रलय कोसळला त्याचे वर्णन करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि तेवढे बळही माझ्या लेखणीत नाही. दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदे, जी उन्हाळ्यात गारवा देतात म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने बांधीत आलो, त्यांच्याच ढिगाऱ्यांखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. पुढे काही आठवड्यांनी मुलांना वह्या-पुस्तके वाटण्याच्या निमित्ताने मी त्या भागातील पत्र्याच्या निवाऱ्यांत गेलो असता एका वृद्ध शेतकऱ्याने मला जवळ बसवून घेतले आणि विचारले, “गुरुजी, तुमी शाळेत शिकवता. ह्या जमिनीच्या पोटात हाय तरी काय? खाली ज्वालामुखी हाय म्हणत्यात. खरं हाय का?” मी म्हणालो, “नाही, आजोबा.” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि एवढेच विचारले, “कशावरनं?”

त्या ‘कशावरनं’ला त्या दिवशी मजजवळ उत्तर नव्हते. पदार्थविज्ञान शिकविण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसाला आपल्याच पायांखालच्या भूमीविषयी शब्दप्रामाण्यापलीकडे काही सांगता येऊ नये, आणि तेही ज्याचे सर्वस्व त्या भूमीने गिळले त्याच्यासमोर, याची जी खंत मनाला लागून राहिली तिच्यातून पुढील अनेक वर्षांचे वाचन, टिपणे आणि अखेर हा लहानसा ग्रंथ घडला आहे. ग्रंथाचा विषय भूकंप नव्हे, किरणोत्सर्ग आहे. परंतु नांदेड-लातूरच्या वाचकाला या विषयाच्या दारी न्यावयाचे तर त्याला पॅरिसच्या प्रयोगशाळेतून किंवा हिरोशिमाच्या राखेतून नेण्यापेक्षा किल्लारीच्या भेगेतून नेणे मला अधिक उचित वाटते, कारण ती वाट आपल्या घरापासून निघते.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने किल्लारीत ६१७ मीटर खोलीचे एक छिद्र घेतले. पहिले ३३८ मीटर लागला तो आपल्या परिचयाचा काळा पाषाण, ज्याच्या झिजेतून आपली काळी कसदार जमीन झाली. त्याखाली प्राचीन गाळाचा एक पातळ थर. आणि त्याहीखाली सुमारे अडीच अब्ज वर्षांपूर्वीचा, काळ्या पाषाणाशी कसलेच नाते नसलेला, मूळ पायाचा खडक. शास्त्रज्ञांनी त्या परिसरातील खोल छिद्रांत तापमापके सोडून, खोलीबरोबर उष्णता किती चढते आणि खडक ती किती सुलभतेने वाहून नेतो याचे मापन केले, तेव्हा भूपृष्ठाच्या प्रत्येक चौरस मीटरमधून वर येणारी उष्णता सुमारे ४३ मिलिवॉट भरली. हा आकडा शेतकऱ्याच्या मापाने सांगावयाचा तर असा की, एका एकरातून, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरमधून, पृथ्वीच्या पोटातली जी सगळी उष्णता बाहेर पडते तिच्यावर शंभर वॉटचे दोन दिवेसुद्धा पुरत्या तेजाने लागणार नाहीत. ज्याच्या खाली ज्वालामुखी धुमसत आहे अशा भूमीचा हा हिशेब नव्हे. प्राचीन, थंडावलेल्या, स्थिर भूखंडाचा हा हिशेब आहे. आजोबांना द्यावयाचे उत्तर ते हे, आणि ते मला फार उशिरा सापडले.

परंतु एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की त्याच्या पाठीशी दुसरा उभा असतो. ही दोन दिव्यांची का होईना, उष्णता येते कोठून? तिचा काही भाग पृथ्वीच्या जन्मकाळचा शिल्लक ठेवा आहे हे खरे. पण सबंध पृथ्वीचा विचार केला तर जवळजवळ निम्मी उष्णता, खडकांत अत्यल्प प्रमाणात विखुरलेल्या युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या अणूंच्या विघटनातून, म्हणजे किरणोत्सर्गातून, निर्माण होत असते. हे विघटन कोणाच्या हुकमाने सुरू झालेले नाही आणि कोणाच्या हुकमाने थांबणारही नाही. पृथ्वी जन्मली तेव्हापासून ते चालू आहे. आपण शेतात औत धरतो तेव्हा ते नांगराच्या फाळाखाली चाललेले असते.

येथे मला किल्लारीचीच आणखी एक हकीकत सांगितली पाहिजे, जी वाचली त्या दिवशी मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. भूकंपाने जमीन जेथे फाटली होती त्या भेगेवरच्या मातीतील वायूंचे नमुने घेऊन तपासले असता त्यांत हेलियम या वायूचे प्रमाण असाधारण आढळले, अशी नोंद १९९४ साली प्रसिद्ध झाली. हेलियम हा अतिशय हलका वायू; तो पृथ्वीच्या वातावरणात टिकत नाही, हळूहळू अवकाशात निघून जातो, आणि म्हणून हवेच्या दहा लाख भागांत त्याचे जेमतेम पाच भाग असतात. मग तो शेताच्या भेगेत आला कोठून?

या वायूचा पूर्वेतिहासही आपल्या देशाला स्पर्श करून गेलेला आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन याने आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्याच सुमारास इंग्लंडात लॉकियर यानेही ते केले. आणि त्या वर्णपटातील एक पिवळी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून त्या अज्ञात द्रव्याला हेलियम हे नाव मिळाले. पुढे सत्तावीस वर्षे तो सूर्याचाच रहिवासी मानला गेला. १८९५ साली विल्यम रॅम्झी याने युरेनियमयुक्त खनिजावर आम्लाची क्रिया केली, तेव्हा निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा दिसली. सूर्यावरचा वायू युरेनियमच्या दगडात का कोंडलेला असावा, हे कोडे तेव्हा कोणालाच उलगडण्यासारखे नव्हते, कारण त्याची किल्ली अजून घडावयाची होती.

ती किल्ली पुढच्याच वर्षी, पॅरिसच्या ढगाळ हवेमुळे, हाती आली. हेन्री बेकरेल हा, सूर्यप्रकाश शोषून नंतर चमकणाऱ्या क्षारांतून क्ष-किरणांसारखे काही निघते काय, याचा शोध घेत होता. १८९६ च्या फेब्रुवारीअखेर ऊन पडेना, म्हणून त्याने युरेनियमचा क्षार काळ्या कागदात गुंडाळलेल्या छायाचित्रणाच्या काचेसह मेजाच्या खणात ठेवून दिला, आणि १ मार्चला ती काच धुऊन पाहतो तो अंधारातच तिच्यावर ठळक ठसा उमटलेला. ऊन नको, उष्णता नको, कसलेही बाह्य प्रोत्साहन नको. युरेनियम आपल्या स्वभावानेच किरण टाकीत होते. दोन वर्षांनी मारी आणि पिएर क्यूरी यांनी पिचब्लेंड या खनिजातून पोलोनियम व रेडियम ही युरेनियमहून कितीतरी पटींनी तीव्र द्रव्ये ओळखली आणि या गुणधर्माला त्याचे नाव दिले. आपल्या भाषेत त्याला ‘किरणोत्सर्ग’ हा जो शब्द रूढ झाला आहे तो मला फार अर्थपूर्ण वाटतो. उत्सर्ग म्हणजे त्याग, सोडून देणे. ज्याचा भार आतल्या आत सोसवत नाही असे अणुकेंद्रक आपल्याजवळचे काही सोडून देऊन हलके होते, शांत होते, आणि पुष्कळदा त्या त्यागात आपली जातही बदलून बसते. व्याकरणात उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, ज्याला अपवाद संभवतात. येथे मात्र अपवाद संभवत नाही, एवढा भेद ध्यानी घ्यावा.

अणुकेंद्रक सोडून देते ते काय? प्रथम रदरफोर्डने १८९९ साली दोन प्रकार वेगळे केले, एक कागदाच्या पानानेही अडणारा आणि एक त्याहून पुष्कळ भेदक. त्यांना त्याने ग्रीक वर्णमालेतील पहिल्या दोन अक्षरांची, अल्फा आणि बीटा, ही नावे दिली. पुढच्या वर्षी व्हिलार याने तिसरा, सर्वांहून भेदक प्रकार पाहिला, ज्याला नंतर गॅमा म्हणू लागले. नावे अशी अनुक्रमाने पडली याचे कारण त्या वेळी या किरणांचे स्वरूपच कोणाला ठाऊक नव्हते. आणि आज स्वरूप पुरते ठाऊक झाल्यावरही ती नावे, जुन्या दफ्तरातील गावांच्या नावांप्रमाणे, तशीच चालत आली आहेत.

अल्फा म्हणजे दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा घट्ट बांधलेला संच. अर्थात हेलियमच्या अणूचे केंद्रक. मँचेस्टर येथे रदरफोर्ड आणि रॉइड्स यांनी याची जी सिद्धता दिली तिच्या साधेपणापुढे मला आजही नतमस्तक व्हावेसे वाटते. त्यांनी रेडियमपासून निघणारा वायू अत्यंत पातळ काचेच्या नळीत कोंडला. ती काच इतकी पातळ की अल्फा कण तिच्यातून पार जावेत, परंतु वायू मात्र मुळीच गळू नये. तिच्याभोवती निर्वात केलेली दुसरी नळी ठेवली. काही दिवसांनी त्या बाहेरच्या, आरंभी रिकाम्या असलेल्या नळीतून विजेचा झोत सोडला, तेव्हा हेलियमची ओळखीची पिवळी रेषा उजळली. एका युरेनियम-२३८ अणूचे टप्प्याटप्प्याने शिसे होईपर्यंत आठ अल्फा कण बाहेर पडतात, आणि प्रत्येक कण आजूबाजूचे दोन इलेक्ट्रॉन उचलून हेलियमचा अणू होऊन बसतो. रॅम्झीच्या दगडातील कोडे असे सुटले. किल्लारीचेही तसेच: काळ्या पाषाणाखालच्या त्या वृद्ध खडकांत युगानुयुगे जे अल्फा कण निमाले त्यांचे हेलियम खडकांच्या कणाकणांत अडकून होते, आणि त्या पहाटे भूमी फाटली तेव्हा त्याला वर येण्यास वाट मिळाली. भूकंप किरणोत्सर्गाने घडविला नाही हे मी निःसंदिग्धपणे सांगतो. तो भूखंडाच्या उत्तरेकडील सरकण्यातून साचलेल्या ताणाने घडविला. परंतु भेग किती खोल गेली असेल याची साक्ष मात्र अल्फा कणांच्या या अवशेषांनी दिली.

अल्फा कण जड आणि मोठ्या विद्युत्‌भाराचा, म्हणून तो वाटेतल्या प्रत्येक अणूशी झगडत जातो आणि हवेत तीन-चार, फार तर सहा-सात सेंटिमीटरांवर थांबतो; आपल्या कातडीचा मृत वरचा थरही त्याला ओलांडवत नाही. यावरून तो निरुपद्रवी समजण्याची चूक करू नये. तोच कण श्वासावाटे फुप्फुसात किंवा अन्नपाण्यावाटे पोटात गेलेल्या द्रव्यातून निघाला, तर त्याची सारी शक्ती काही पेशींच्या एवढ्याशा जागेत खर्ची पडते, आणि तेथे तो तिन्ही प्रकारांत सर्वांत घातक ठरतो. दारातला शत्रू आणि घरातला शत्रू यांत जो फरक, तोच हा.

बीटाविषयी सांगताना मी लातूरच्या आडत बाजारात जाणार आहे. तुरीच्या डाळीत पोटॅशियम भरपूर असते, शंभर ग्रॅम डाळीत सव्वा ते दीड ग्रॅम. निसर्गातील पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एकाहून किंचित अधिक अणू पोटॅशियम-४० या किरणोत्सारी प्रकारचे असतात, मग ते पोटॅशियम डाळीतले असो, केळ्यातले असो की शेतात टाकलेल्या खतातले असो. हिशेब केला तर शंभर ग्रॅम डाळीत दर सेकंदाला सुमारे चाळीस अणूंचे विघटन होत असते. एका सेकंदात एक विघटन या मापाला बेकरेल असे नाव आहे, म्हणजे ही चाळीस बेकरेल झाली. आणि वाचणाऱ्याच्या स्वतःच्या देहात, तो मध्यम बांध्याचा प्रौढ असेल तर, केवळ या एका द्रव्याची चार हजारांहून अधिक विघटने दर सेकंदाला होत आहेत. आताही होत आहेत. डाळ अधिक खाल्ल्याने ती वाढत नाहीत, कारण देह आपल्या गरजेपुरतेच पोटॅशियम राखतो आणि बाकीचे बाहेर टाकतो. हे सांगितल्यावर वर्गातील एखादा विद्यार्थी हातातला डबा बाजूला सारतो, असा माझा अनुभव आहे. त्याला मी म्हणतो, बाळ, तुझे आजोबा, पणजोबा आणि त्यांच्यापूर्वीचे सगळे याच डाळीवर आणि याच किरणांत वाढले.

पोटॅशियम-४० च्या शंभरांपैकी सुमारे एकोणनव्वद अणूंत केंद्रकातील एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्या घडामोडीत एक वेगवान इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तोच बीटा कण. त्याच्यासोबत आणखी एक जवळजवळ अदृश्य कण शक्तीचा वाटा घेऊन निसटतो, ज्याची कल्पना पाउली याने १९३० साली केवळ हिशेबातली तूट भरून काढण्यासाठी केली होती आणि जी पुढे खरी ठरली. बीटा कण अल्फाहून हलका, म्हणून हवेत काही मीटरही जातो, परंतु अॅल्युमिनियमचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा त्याला पुरेसा होतो. उरलेले अकराच्या आसपास अणू वेगळ्या मार्गाने जाऊन आर्गॉन वायूचे होतात, आणि या अल्पसंख्य अकरांनीच आपल्या काळ्या पाषाणाचा जन्मदाखला लिहून ठेवला आहे. हा पाषाण म्हणजे गोठलेला लाव्हा, आणि लाव्हा वितळलेला असताना त्यातील आर्गॉन उडून जातो. तो गोठला की त्या क्षणापासून नवा आर्गॉन खडकात साचू लागतो. किती पोटॅशियम शिल्लक आहे आणि किती आर्गॉन साचला आहे हे मोजले की खडकाचे वय निघते. आपल्या बालाघाटाच्या डोंगररांगा ज्या पाषाणाच्या, त्या दख्खनच्या लाव्हाथरांचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे, हे ज्ञान अशा मोजणीतून आलेले आहे.

ही मोजणी शक्य होते ती अर्धायुष्य या नियमामुळे, आणि माझ्या मते या संपूर्ण विषयात विचारी माणसाने सर्वाधिक वेळ थांबावे असे हेच स्थळ आहे. तहसील कचेरीत जन्ममृत्यूची नोंदवही असते. तिच्यावरून कोणता मनुष्य कधी जाईल हे सांगता येत नाही, पण तालुक्यात वर्षाला साधारण किती मृत्यू होतील हे सांगता येते. अणूंचेही तसेच, मात्र एका विलक्षण भेदासह. मनुष्य वृद्ध होतो. अणू होत नाही. चार अब्ज वर्षे टिकलेला युरेनियमचा अणू आणि काल निर्माण झालेला तसाच अणू यांची उद्या विघटित होण्याची शक्यता अगदी एकसारखी असते. गतकालाची कसलीही नोंद त्याच्याजवळ नसते. म्हणून ठराविक मुदतीत निम्मे अणू जातात, तेवढ्याच पुढच्या मुदतीत उरलेल्यांचे निम्मे, आणि असेच पुढे. युरेनियम-२३८ ची ही मुदत सुमारे ४ अब्ज ४७ कोटी वर्षे, थोरियम-२३२ ची सुमारे १४ अब्ज, पोटॅशियम-४० ची १ अब्ज २५ कोटी; रुग्णालयात वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० ची सव्वापाच वर्षे, कंठग्रंथीच्या उपचारातील आयोडीन-१३१ ची आठ दिवस, आणि रेडॉन वायूची पावणेचार दिवसांहून किंचित अधिक. दहा मुदती उलटल्या की मूळच्या हजारावा हिस्साही उरत नाही. दीर्घ मुदतीचे द्रव्य अधिक भयंकर, असा जो समज आहे तो येथे तपासून घ्यावा. मुदत दीर्घ म्हणजे विघटने संथ, आणि समान संख्येच्या अणूंत तीव्रता ही लहान मुदतीच्या वाट्याला येते.

गॅमा हा कण नव्हे, प्रकाशाच्याच कुळातला परंतु कितीतरी पटींनी समर्थ असा किरण आहे. अल्फा किंवा बीटा सोडून झाल्यावर केंद्रक क्षुब्ध राहिले, तर उरलेली शक्ती ते गॅमारूपाने टाकते. त्याला भार नाही, वस्तुमान नाही. म्हणून तो दूरवर जातो, आणि त्याला सर्वस्वी अडविणारी भिंत अशी कोणतीच नाही. शिशाच्या वा काँक्रीटच्या प्रत्येक थरात तो काही अंशाने क्षीण होतो, एवढेच. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांना निम्मे करावयास शिशाचा सव्वा सेंटिमीटरचा थर लागतो, पुन्हा निम्मे करावयास तेवढाच दुसरा.

याच गॅमाने महाराष्ट्रात किती शांतपणे संसार मांडला आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे २००२ पासून कोबाल्टच्या किरणांखालून कांदा जातो, कारण त्या माफक मात्रेने त्याला कोंब फुटत नाहीत. तेथूनच प्रक्रिया होऊन हापूस आंबा २००७ साली अमेरिकेस गेला. मराठवाड्याच्या खरिपात पेरल्या जाणाऱ्या उडदाच्या वाणांपैकी ‘टीएयू-१’ हा वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी १९८५ च्या सुमारास दिला. प्रारणाने घडविलेल्या एका उत्परिवर्तित वाणाशी संकर करून तो सिद्ध झाला. शेतकऱ्याने त्याचे बी मोसमामागून मोसम पेरले. त्यात किरणोत्सर्गाचा लवलेश नसतो. होता तो एका पूर्वजाच्या दाण्यावर क्षणभर पडलेला प्रकाश.

येथे मला काहीशा कळकळीने लिहावे लागेल. किरण अंगावर पडणे आणि किरणोत्सारी द्रव्य अंगाला लागणे या दोन सर्वथा भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत आपल्या समाजात फार निष्ठुर फळे देते. कर्करोगाच्या किरणोपचाराला आपल्याकडे ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात. अशा शेकाचे पंचवीस दिवस पुरे करून घरी आलेल्या एका बाईंचे ताट-वाटी घरच्यांनी वेगळी केलेली, आणि नातवाला त्यांच्या मांडीवर बसू न दिलेले मी स्वतः पाहिले आहे. उन्हातून आलेल्या माणसाला शिवल्याने जसे ऊन लागत नाही, तसे बाहेरून यंत्राने किरण दिलेल्या रुग्णाला शिवल्याने किरण लागत नाहीत; यंत्र बंद झाले की त्याच्या अंगात काहीही उरत नाही. ज्यांना औषध म्हणून किरणोत्सारी आयोडीन पोटात दिले जाते त्यांना काही दिवस जपावे लागते हे खरे, आणि ते डॉक्टर सांगतातच. पण तो प्रकार वेगळा. या ग्रंथाने दुसरे काही न साधता एका घरातील ते वेगळे ताट परत रांगेत आणले, तरी माझे श्रम सार्थकी लागले असे मी समजेन.

चौथा प्रकार न्यूट्रॉनचा. तो चॅडविकने १९३२ साली ओळखला, आणि वरील तिघांप्रमाणे तो आपल्या माती-पाण्यात सहज भेटत नाही; अणुभट्टीत भेटतो, आणि तेथे इतर द्रव्यांनाही किरणोत्सारी करून सोडतो. आपल्या देशातील पहिली अणुभट्टी, अप्सरा, ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे सुरू झाली. अणुऊर्जा आयोगाची स्थापना त्याआधी, १९४८ च्या ऑगस्टात. तेव्हा नांदेड आणि लातूर अद्याप निजामाच्या अमलाखाली होते, आणि त्यानंतर महिनाभराने, १७ सप्टेंबरला, आम्ही मुक्त झालो. ज्या वेळी देशाच्या कारभाऱ्यांनी अणूची वाट धरली त्या वेळी आमच्या गावांतून रझाकारांच्या भयाने माणसे रानोमाळ होती, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. या विद्येत आम्ही मागून का आलो याचा काही उलगडा त्यात आहे.

आता आपल्या दोन जिल्ह्यांच्या भूमीत या दृष्टीने एक भेद आहे, तो सांगतो. लातूरहून निघून नांदेडच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या अंगाने चालू लागले की काळा पाषाण हळूहळू पातळ होत जातो आणि एके ठिकाणी संपतो. पुढे तेलंगणाकडे करड्या-गुलाबी ग्रॅनाइटचे गोल गोल धोंडे माळावर दिसू लागतात. काळ्या पाषाणात युरेनियम आणि थोरियम फार थोडे, म्हणून दख्खनच्या या पठारावरील भूमिजन्य गॅमा प्रारण देशातील सर्वांत कमी प्रारणांपैकी आहे. ग्रॅनाइटच्या एका टनात युरेनियम तीन ते पाच ग्रॅम आणि थोरियम त्याच्या तीन-चार पट असणे ही सामान्य गोष्ट आहे. सीमेच्या दोन बाजूंना राहणाऱ्या सोयऱ्यांना निसर्गाकडून मिळणारी मात्रा अशी थोडी कमीजास्त असते, आणि त्याने दोघांचेही काही बिघडत नाही. जगातील माणसाला निसर्गाकडून वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (सिव्हर्ट हे अशा मात्रेचे माप) मात्रा मिळते. तिच्यातली जवळजवळ निम्मी रेडॉन वायू आणि त्याच्या संततीची. युरेनियमच्या मालिकेत मधल्या टप्प्यावर जन्मणारा हा वायू जमिनीतून आणि पाण्यातून घरात शिरतो, कोंदट खोलीत साचतो, आणि त्याची अल्फा सोडणारी संतती फुप्फुसात बसते. उपाय सोपा आहे, खिडक्या उघड्या ठेवाव्या.

पाण्याविषयी मात्र थोडे अधिक सावध राहावे असे मला वाटते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले ते दिवस आठवत असलेल्या कोणालाही विंधन विहिरी दरवर्षी किती खोल चालल्या आहेत हे सांगावयास नको. जितके खोल जावे तितके पाणी जुने, आणि खडकाशी त्याचा सहवास दीर्घ. ग्रॅनाइटच्या पट्ट्यात अशा पाण्यात युरेनियम विरघळलेले असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम सुचविली आहे, आणि ती किरणांच्या भयाने नसून मूत्रपिंडावरील रासायनिक दुष्परिणामांमुळे आहे. उकळल्याने रेडॉन उडून जातो, युरेनियम जात नाही. देगलूर, बिलोली, मुखेड भागातील ग्रामपंचायतींनी खोल विंधन विहिरींचे पाणी तपासून त्याचा दाखला दप्तरी ठेवावा, एवढी विनंती मी या प्रस्तावनेतच करून ठेवतो, कारण ग्रंथाचे शेवटचे प्रकरण सारेच वाचतील याची शाश्वती नाही.

तशीच दुसरी विनंती भंगाराचा व्यापार करणाऱ्यांना. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी बाजारात एका प्रयोगशाळेचे निकामी ठरलेले कोबाल्टचे यंत्र भंगारात विकले गेले, ते फोडले गेले, अनेकांना इजा झाली आणि एक कामगार मृत्यू पावला. ज्या वस्तूवर पिवळ्या जागेत तीन पात्यांचे काळे चिन्ह दिसेल, किंवा जी आकाराच्या मानाने विलक्षण जड लागेल, ती फोडू नये, घरी नेऊ नये, पोलिसांना कळवावे. किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, आणि जळजळ जाणवते ती उशिरा. ज्ञानेंद्रियांनी ज्याची वर्दी द्यावी असे हे संकट नाही, म्हणून त्याची खूण डोळ्यांना शिकवून ठेवावी लागते.

ग्रंथाच्या रचनेविषयी फार लिहीत नाही. गणित जेथे अपरिहार्य होते तेथेच घेतले आहे, आणि ते दहावी उत्तीर्ण झालेल्याला झेपेल असे आहे. परिभाषा शक्यतो मराठी विश्वकोशाला धरून आहे. जेथे परका शब्द लोकांच्या तोंडी बसला आहे तेथे तो तसाच ठेवला. शेवटी एक प्रयोग दिला आहे, तो शाळांनी अवश्य करावा. एखाद्या महाविद्यालयातून गायगर गणक, म्हणजे किरणांची मोजणी करणारे यंत्र, एका दिवसापुरता मागून आणावा. एक दगड लातूरच्या परिसरातला काळा, आणि एक देगलूरच्या माळावरचा गुलाबी, असे दोन दगड सारख्या आकाराचे घ्यावेत. काळ्याजवळ दहा मिनिटे मोजावे, गुलाबीजवळ दहा मिनिटे मोजावे, आकडे फळ्यावर लिहावेत. परंतु त्याआधी, मुलांना अगदी शांत बसवून, गणकाजवळ कोणताही दगड न ठेवता दहा मिनिटे नुसते ऐकावे; मिनिटाला पंधरा-वीस वेळा तरी तो टकटक करील. ती टकटक कोठून येते, हे मुलांनी विचारेपर्यंत गुरुजींनी सांगू नये.

लातूर,
अनंत चतुर्दशी